हुकूमनामा आपल्या हाती, पैसा त्यांच्या डीमॅटमध्ये

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या एका भगिनींनी पतीच्या निधनानंतर मिळालेल्या विम्याच्या पैशांतून १४ लाख रुपये चुलत दिरांना धंद्यासाठी उसने दिले. रक्कम बँकेतून दिली, वचनचिठ्ठीही लिहून घेतली. परतफेड झाली नाही म्हणून दावा लावला. १४ महिन्यांपूर्वी मुद्दल आणि त्यावर दरसाल ९ टक्के व्याज देण्याचा हुकूमनामा झाला. त्यानंतर एक रुपयाही आलेला नाही. दिरांचं राहतं घर त्यांच्या आईच्या नावावर आहे, गाडी कर्जावर आहे. "जप्त करण्यासारखं काही नाही," असं वकील सांगतात. पण दीर नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शेअर्सच्या नफ्याचे स्क्रीनशॉट टाकतात. काही गुंतवणूक जाऊबाईंच्या नावावर असावी, असा या भगिनींचा अंदाज आहे. त्या विचारतात: शेअर्सपर्यंत कोर्टाचा हात पोचतो का? ब्रोकरला मीच नोटीस पाठवू का? त्यांना तुरुंगात घालता येईल का? आणि घरच्याच माणसावर जप्ती आणली, हा बोल मी आयुष्यभर कसा सोसू?

ताई,

तुमच्या पत्रात एक वाक्य दोनदा आलं आहे: "शेअर्स काय, मोबाइलमधले आकडे, ते कोण जप्त करणार?" आधी याच समजुतीबद्दल बोलू, कारण वकिलांचं "काही नाही" हे उत्तरही बहुधा तिथूनच आलं असावं. आपल्याकडे जप्ती म्हटलं की घर, शेतजमीन, ट्रॅक्टर, फार तर कपाटातलं सोनं डोळ्यांसमोर येतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये मात्र जप्तीस पात्र मालमत्तेत सरकारी रोखे, बाँड आणि कंपन्यांचे समभाग यांची नावं स्पष्ट लिहिलेली आहेत. डीमॅटमधल्या, म्हणजे शेअर्स ठेवण्याच्या इलेक्ट्रॉनिक खात्यातल्या, शेअर्सची नेमकी नोंद असते, बाजारभाव रोज जाहीर होतो आणि गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. घराचा लिलाव पुकारून बोली येण्याची वाट पाहण्यापेक्षा हे पुष्कळ सोपं आहे. अवघड गोष्टी दोन: शेअर्स नेमके कुठे आहेत ते कळणं, आणि ते विकले जाण्याआधी आदेश तिथे पोचणं. बाजारात आज विकलेल्या शेअर्सचा व्यवहार पुढच्याच कामकाजाच्या दिवशी पुरा होतो. एकदा पैसे बँकेत जाऊन तिथून निघाले, की पुढचा माग काढणं फार जिकिरीचं.

म्हणून ब्रोकरला स्वतः नोटीस पाठवू नका. तुमच्या पत्रावर खातं गोठवण्याचा अधिकार ब्रोकरला नाही. तो पत्र बाजूला ठेवेल, कदाचित ग्राहकाला कळवेलही. तुम्हाला काहीच मिळणार नाही आणि दीर मात्र सावध होतील. वकिलाची नोटीस, ग्रुपवरचं बोलणं, नातेवाइकांकरवी निरोप, हे सगळं सध्या थांबवा. स्क्रीनशॉट जपून ठेवा, ते कोणत्या तारखेला आले हे दिसेल अशा रीतीने. त्यात ब्रोकरच्या ॲपचं नाव, शेअर्सची नावं, संख्या दिसत असेल तर तुमच्या दरखास्तीचा, म्हणजे हुकूमनामा अमलात आणण्याच्या अर्जाचा, अर्धा पाया तिथेच आहे.

दरखास्त कधी करायची? हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी मुदत १२ वर्षांची असते. त्यावर विसंबून पुष्कळ लोक हातावर हात ठेवून बसतात. पण त्याच संहितेतल्या आदेश २१ च्या नियम २२ मध्ये (पुढे नुसता 'नियम' म्हटलं की तो याच आदेशातला) एक अट आहे: हुकूमनाम्याला दोन वर्षं उलटल्यावर दरखास्त केली, तर आधी ऋणकोला, म्हणजे देणेकऱ्याला, नोटीस काढून म्हणणं मागवावं लागतं. कारणं नोंदवून ती नोटीस टाळण्याची मुभा कोर्टाला आहे, पण त्यावर विसंबू नये. तुमचे १४ महिने झालेत, म्हणजे पूर्वनोटीस न देता जप्तीचा आदेश मिळवायला अजून १० महिने आहेत. शेअर्सच्या बाबतीत हा फरक निर्णायक ठरतो. अपील केल्याचं सांगून दीर वेळ काढत असतील तर एवढं लक्षात असू द्या: नुसत्या अपिलाने अंमलबजावणी थांबत नाही, त्यासाठी वरच्या कोर्टाची स्थगिती लागते.

आता दरखास्तीत काय हवं. नियम ११ प्रमाणे दाव्याचा नंबर, पक्षकार, हुकूमनाम्याची तारीख, आजवरचा वसूल आणि आजची येणे रक्कम कोष्टकात लिहायची असते. १४ लाखांवर ९ टक्के म्हणजे महिन्याला १०,५०० रुपये. हुकूमनाम्यापासूनच्या १४ महिन्यांचं व्याज १,४७,००० होतं. त्याआधीचं व्याज आणि दाव्याचा खर्च हुकूमनाम्यात जसा लिहिला असेल तसा धरा. हा हिशेब बिनचूक असायला हवा, कारण जप्त करायची मालमत्ता येणे रकमेच्या जवळपासच असावी असा नियम १७ चा दंडक आहे. ४० लाखांचं सगळं खातं गोठवा असं मोघम मागितलं, तर दिरांचे वकील पहिल्याच तारखेला जादा जप्तीची हरकत घेतील. बाजार खाली जाण्याची शक्यता धरून थोडी वाढीव किंमत मागा आणि ती का मागता, ते अर्जातच लिहा.

ऋणकोच्या प्रत्यक्ष ताब्यात नसलेल्या जंगम मालमत्तेची जप्ती मागताना नियम १२ प्रमाणे तिची यादी, पुरेशा नेमक्या वर्णनासह, सोबत लावायची असते. "प्रतिवादीचे सर्व शेअर्स" असं लिहून भागत नाही. यादीत काय असावं ते जरा तपशिलात पाहू, कारण अनेक आदेश इथेच निष्फळ ठरतात. दिरांचं पॅनवरचं पूर्ण नाव आणि पॅन क्रमांक. डीमॅट खात्याचा १६ स्थानांचा क्रमांक, जो सीडीएसएलमध्ये सगळा आकड्यांचा असतो आणि एनएसडीएलमध्ये इंग्रजी 'आय' आणि 'एन' या अक्षरांनी सुरू होतो (शेअर्सची नोंद ठेवणाऱ्या या दोन संस्था म्हणजे डिपॉझिटरी). डिपॉझिटरी पार्टिसिपंट, म्हणजे ज्या ब्रोकरकडे किंवा बँकेकडे ते खातं आहे, त्याचं नोंदणीकृत नाव आणि पत्ता. नोंदणीकृत नाव म्हणतोय, कारण ॲपचं नाव आणि कंपनीचं नाव पुष्कळदा वेगळं असतं. प्रत्येक शेअरचा आयएसआयएन, म्हणजे त्या रोख्याचा ओळख क्रमांक, आणि संख्या. नुसत्या नावाने आदेश गेला तर त्याच नावाची पाच खाती निघतात आणि ब्रोकर "खुलासा करावा" असं लिहून आदेश परत पाठवतो. तो खुलासा होईपर्यंत महिना जातो.

हे सगळं तुम्हाला कुठून मिळणार? आधी दाव्याची फाइल उघडा. दिरांनी भरलेले चेक, त्यांनी दाखल केलेला बँकेचा उतारा, आयकर विवरणपत्र, उलटतपासणीत दिलेली कबुली, यातलं काहीतरी निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडून आत बसलेलं असतं आणि कुणाचं लक्ष जात नाही. बँक उताऱ्यात ब्रोकरच्या नावे गेलेली रक्कम किंवा कंपनीकडून आलेला लाभांश दिसला, तर खात्याचा माग लागतो. पॅन हाती आला, की त्या पॅनवरच्या खात्यांची माहिती दोन्ही डिपॉझिटरींकडून मागवावी असा अर्ज कोर्टाकडे करता येतो. दीर एखाद्या खासगी कंपनीत भागधारक असतील, तर कंपनी कामकाज मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्या कंपनीचं वार्षिक विवरण थोडं शुल्क भरून पाहता येतं. त्यात भागधारकांची नावं मिळतात.

ऋणकोकडूनच माहिती काढण्याची सोयही कायद्यात आहे. पैशाचा हुकूमनामा ३० दिवस अपुरा राहिला, तर नियम ४१ प्रमाणे कोर्ट त्याला मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायला लावू शकतं. न दिल्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. हा अर्ज करताना दोन कागद नाव घेऊन मागा: डिपॉझिटरीकडून येणारं एकत्रित खाते विवरण, ज्यात त्या पॅनवरचे डीमॅट आणि म्युच्युअल फंड एकत्र दिसतात, आणि आयकर विभागाचं वार्षिक माहिती विवरण, ज्यात लाभांश आणि रोख्यांची विक्री नोंदलेली असते. "मला काही आठवत नाही" म्हणणाऱ्या माणसाला हे दोन कागद आठवण करून देतात. मात्र क्रम चुकवू नका. प्रतिज्ञापत्राचा समन्स म्हणजे ऋणकोला मिळालेली आगाऊ वर्दी. तुमच्याकडे ब्रोकरचं नाव आणि काही शेअर्सची माहिती आधीच असेल, तर पहिल्यांदा तेवढ्याची जप्ती घ्या, ती बजावली गेल्यावर प्रतिज्ञापत्र मागा. काहीच माहिती नसेल तेव्हाच उलट क्रम.

जप्तीचा आदेश नियम ४६ खाली निघतो. शेअर ज्याच्या नावावर आहे त्याने तो हस्तांतरित करू नये आणि त्यावरचा लाभांश घेऊ नये, असा तो मनाई आदेश असतो. हा नियम कागदी प्रमाणपत्रांच्या काळातला आहे, त्यामुळे त्यात आदेशाची प्रत कंपनीच्या योग्य अधिकाऱ्याला पाठवा एवढंच म्हटलं आहे. डीमॅटमध्ये फक्त कंपनीला कळवून उपयोग नाही. विक्री ब्रोकरच्या संगणकावरून होते, कंपनीला ती नंतर कळते. म्हणून आदेश चौघांना बजावावा असं अर्जातच मागा: दीर, डिपॉझिटरी पार्टिसिपंट, डिपॉझिटरी आणि कंपनीचा रजिस्ट्रार (तिच्या भागधारकांची नोंद ठेवणारा). बेलिफाची फेरी ब्रोकरकडे आणि डिपॉझिटरीकडे आधी व्हावी, दिरांकडे नंतर. आदेशात "डेबिट गोठवावे" हे शब्द असू द्या. बोनस, विभाजन, हक्कभाग यांतून येणारे नवे शेअर्सही जप्तीत धरावेत, हेही लिहून घ्या. नाहीतर एकास एक बोनस आल्यावर निम्मी मालमत्ता आदेशाबाहेर राहते.

इथे एक हरकत येऊ शकते. डिपॉझिटरीज कायदा, १९९६ च्या कलम १० प्रमाणे कागदोपत्री नोंदणीकृत मालक डिपॉझिटरी असते, मग शेअर दिरांचा कसा? उत्तर त्याच कलमात आहे: सगळे हक्क, लाभ आणि दायित्वं लाभार्थी मालकाची, म्हणजे दिरांची.

ब्रोकरकडे शेअर्सखेरीज दिरांची रोख शिल्लकही असते. ते ब्रोकरने दिरांना देणं असलेलं कर्ज. त्यासाठी नियम ४६ अ खाली ब्रोकरला नोटीस काढून ती रक्कम थेट कोर्टात भरायला लावता येते. ज्या बँक खात्यात विक्रीचे पैसे आणि लाभांश जमा होतात, तेही त्याच दरखास्तीत जोडा. म्युच्युअल फंडाच्या युनिट्ससाठी आदेश फंड कंपनी आणि तिच्या रजिस्ट्रारकडे, फोलिओ क्रमांकासह. करबचतीच्या ईएलएसएस फंडात तीन वर्षांची अडकवणूक असते. जप्ती आज होते, पैसे मुदत संपल्यावर सुटतात.

सांगलीच्या कोर्टाचा आदेश मुंबई किंवा बंगळुरूच्या ब्रोकरवर चालतो का, हा प्रश्न निघेलच. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९ च्या पोटकलम ४ प्रमाणे कोर्टाला आपल्या हद्दीबाहेरच्या मालमत्तेविरुद्ध अंमलबजावणी करता येत नाही. दिरांवरचा वैयक्तिक मनाई आदेश सांगलीतूनच निघू शकतो, पण मालमत्ता हद्दीबाहेर आहे ही हरकत टाळायची असेल, तर हुकूमनामा तिकडच्या कोर्टाकडे वर्ग करून घ्यावा. वर्ग होण्यात दिवस जातात. मधल्या काळासाठी कलम ४६ आहे: तुमचं कोर्ट तिकडच्या कोर्टाला विनंतीपत्र पाठवून लगेच जप्ती करवू शकतं. ती मुदतवाढ न मिळाल्यास दोन महिने टिकते. या कलमाचा उपयोग फार कमी केला जातो. वकिलांना त्याबद्दल मुद्दाम विचारा.

जप्तीनंतर दिरांनी शेअर विकला तर कलम ६४ प्रमाणे तो व्यवहार तुमच्या हक्कापुरता निरर्थक ठरतो. पण बाजारात कुणी विकत घेतला ते शोधत बसण्यात अर्थ नसतो, म्हणून गोठवणी झाल्याचं ब्रोकरचं लेखी उत्तर कोर्टात येईपर्यंत निर्धास्त होऊ नका. आणखी एका ठिकाणी माणसं फसतात. दरखास्त काही कारणाने निकाली निघाली आणि जप्ती चालू राहील असं कोर्टाने लिहिलं नाही, तर नियम ५७ प्रमाणे ती संपली असं धरलं जातं. त्या दिवसाचा रोजनामा, म्हणजे कोर्टाच्या कामाची नोंद, स्वतः वाचा.

आता निराशा होऊ शकेल अशी गोष्ट. स्क्रीनशॉटमध्ये दिसणारी किंमत सगळी दिरांची असेलच असं नाही. वायदे-विकल्पांचे सौदे करणारे लोक शेअर्स मार्जिनसाठी, म्हणजे सौद्याच्या अनामतीसाठी, ब्रोकरकडे तारण ठेवतात, काही जण बँकेकडून त्यावर कर्ज घेतात. आधी ठेवलेलं तारण तुमच्या जप्तीच्या पुढे असतं. तारणदाराचं देणं भागून उरेल त्यावर तुमचा हात. म्हणून ब्रोकरने तारण आणि थकबाकी किती ते कळवावं, अशी मागणी अर्जात घाला. शिवाय जप्तीने तुम्हाला इतर धनकोंच्या पुढे जागा मिळत नाही. पैसे कोर्टात जमा होण्यापूर्वी दुसऱ्या हुकूमनामाधारकांनीही दरखास्त केली असेल, तर कलम ७३ प्रमाणे प्रमाणशीर वाटप होतं. दिरांनी आणखी कुणाचे पैसे थकवले असतील तर तुमचीही दरखास्त त्याआधी दाखल हवी.

काही गोष्टींना हात लावता येत नाही. पीपीएफ, भविष्यनिर्वाह निधी, ऋणकोच्या आयुर्विम्याखाली मिळणारे पैसे कायद्यानेच सुरक्षित आहेत. त्यांच्यामागे लागून वेळ दवडू नका.

विक्रीसाठी नियम ७६ चा अर्ज करा. त्यात जाहीर लिलावाऐवजी ब्रोकरमार्फत शेअर विकण्याचा अधिकार कोर्ट देऊ शकतं. कोणता ब्रोकर विकेल, हस्तांतरणाच्या कागदावर दिरांच्या वतीने कोण सही करेल (नियम ८० प्रमाणे न्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी करू शकतो), दलाली किती, पैसे कोर्टाच्या कोणत्या खात्यात येतील, हे आदेशात नसेल तर ब्रोकर काम करणार नाही. खासगी कंपनीचे शेअर्स असतील तर हा मार्ग खडतर आहे. हस्तांतरणावर कंपनीच्या नियमावलीचे निर्बंध, भाव ठरवायला मूल्यांकनकार, आणि घेणारा बहुधा दुसरा भागधारकच.

जाऊबाईंच्या नावाबद्दल. "त्याचाच पैसा असणार" हा तुमचा अंदाज खरा असू शकतो, पण कोर्टात अंदाज चालत नाही. कलम ६० मध्ये ऋणकोसाठी किंवा त्याच्या वतीने दुसऱ्याने धारण केलेली मालमत्ताही येते. ते सिद्ध करायला दिरांच्या खात्यातून पैसे जाऊबाईंच्या खात्यात गेले, व्यवहार दीरच करत होते आणि हे सगळं तुमचं देणं थकल्यावर झालं, असे कागद लागतात. जाऊबाई नियम ५८ खाली हरकत घेतील आणि तो छोटा दावाच होऊन बसेल. त्यांचं स्वतःचं उत्पन्न असेल तर हा विषय सोडून द्या, असं मी स्पष्ट सांगतो. दोघांच्या संयुक्त नावावर असलेल्या गुंतवणुकीत मात्र दिरांच्या हिश्शापुरती जप्ती नियम ४७ प्रमाणे होते.

तुरुंगाचं म्हणाल, तर कलम ५१ नुसार निव्वळ पैसे नाहीत म्हणून कुणाला कैदेत टाकता येत नाही. पैसे असून देत नाही, किंवा मालमत्ता लपवली, हटवली, हे दाखवावं लागतं. कैद जास्तीत जास्त तीन महिने, त्या काळातल्या जेवणाखाण्याचा भत्ता तुम्ही भरायचा आणि देणं तसंच उरतं. नफ्याचे स्क्रीनशॉट हा ऐपतीचा चांगला पुरावा आहे. तो शेअर्सच्या जप्तीसाठी आधी वापरा, अटकेचा अर्ज शेवटी.

ज्यांचा दावा अजून चालू आहे त्यांच्यासाठी: निकालाआधी जप्ती आदेश ३८ नियम ५ खाली मिळते, पण सहज नाही. रमन टेक विरुद्ध सोलंकी ट्रेडर्स या २००७ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की बिनतारणी कर्जाला तारण मिळवून देण्यासाठी ही तरतूद नाही. हुकूमनामा निष्फळ करण्याच्या हेतूने प्रतिवादी मालमत्ता हलवत आहे, याचे ठोस तपशील द्यावे लागतात. अलीकडे कोणते शेअर्स विकले, कधी, पैसे कुठे गेले. आणि दावाच केला नसेल तर उसनवारीची मुदत साधारण तीन वर्षांची. वचनचिठ्ठी असेल तर आदेश ३७ चा संक्षिप्त दावा करता येतो. लेखी कबुली किंवा अंशतः परतफेड मुदतीच्या आत झाली असेल तर मुदत नव्याने मोजली जाते.

ताई, राहता राहिला नात्याचा बोल. भाऊजींनी तुमच्या नवऱ्याच्या माघारी आलेले पैसे घेतले, न्यायालयाने ते परत द्या म्हटलं, आणि ते देत नाहीत. ज्यांना तुमचं पाऊल खुपेल, त्यांनी या १४ महिन्यांत भाऊजींना काय सांगितलं, हे त्यांना विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. जप्ती झाली तरी कुणाच्या डोक्यावरचं छप्पर जात नाही. चुलत सासूबाईंच्या घराला धक्का लागत नाही.

बहुतेक वेळा खातं गोठलं की तडजोडीचा निरोप येतो. आला तर ऐका, पण दरखास्त मागे घेऊ नका. हप्ते ठरले तर पुरशिस, म्हणजे तसं लेखी निवेदन, कोर्टात द्या आणि मिळालेली प्रत्येक रक्कम नियम २ प्रमाणे कोर्टात नोंदवून घ्या, कारण बाहेर झालेला न नोंदवलेला भरणा अंमलबजावणी कोर्ट जमेस धरत नाही आणि त्यावरून पुढे दोन्ही बाजूंनी वाद होतात. उरलेल्या हप्त्यांसाठी दिरांचे शेअर्स तुमच्या नावे तारण मागा. त्यासाठी तुमचं स्वतःचं डीमॅट खातं लागेल. तारण डिपॉझिटरीच्या नोंदीत चढतं आणि तुमच्या संमतीशिवाय ते शेअर्स विकता येत नाहीत. हप्ता चुकला तर शेअर्स आपोआप तुमचे होत नाहीत, हे पीटीसी इंडिया फायनान्शियलच्या २०२२ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. आधी वाजवी मुदतीची नोटीस द्यायची, मग विकायचे, तुमची रक्कम घेऊन उरलेली परत करायची. तडजोडीच्या कागदात नोटिशीची मुदत किती दिवसांची ते लिहून घ्या.